हंडा भरेपर्यंत : पुण्यातल्या आयटी कंपन्यांच्या सीएसआर विभागांना खुले पत्र

प्रति,
सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभागप्रमुख आणि संचालक मंडळांचे सदस्य,
हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर आणि पुणे परिसरातल्या सर्व सॉफ्टवेअर कंपन्या

विषय : मुलींचे कोडिंग वर्ग अर्ध्यावर सोडून देण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या, अनुदानित, मुलींच्या शाळेत एकोणीस वर्षं गणित शिकवते आहे. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेचे गठ्ठे तपासत बसले असताना मुख्याध्यापिकाबाईंनी ऑफिसात बोलावलं आणि एक ईमेल दाखवला. तुमच्यापैकीच एका कंपनीचा. आमच्या शाळेतला मुलींचा कोडिंग प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे, ६२ मुलींना त्याचा लाभ मिळाला, यंदापासून कंपनीने पर्यावरण हा विषय हाती घेतला आहे, सहकार्याबद्दल आभार. सोबत ६२ प्रमाणपत्रं होती, छापून वाटण्यासाठी.

‘पूर्ण झाला’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. त्या ६२ जणींपैकी निम्म्याहून जास्त मुलींना त्या दिवशी स्वतःच्या मनाने दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. आणखी एक वर्ष मिळालं असतं तर आला असता, हे मी त्यांची शिक्षिका म्हणून छातीठोकपणे सांगते.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. कुणा एकाला मान खाली घालायला लावावी म्हणून हे पत्र नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी ओळखीच्या आठ-दहा शिक्षकांशी बोलले. कुणी येरवड्याच्या बाजूचे, कुणी हडपसरचे, एक मुळशीतल्या जिल्हा परिषद शाळेतल्या. कंपन्या वेगळ्या, शिकवायला येणाऱ्या संस्था वेगळ्या, हकीकत मात्र सगळीकडे सारखीच. लॅपटॉप आले, फीत कापली, फोटो निघाले, वर्ष-दीड वर्ष वर्ग चालला आणि एका मार्चअखेर थांबला. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

आधी चांगलं झालं ते सांगते, कारण तेही खरं आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत शाळेत वीस लॅपटॉप आले तेव्हा आमच्या मुलींनी त्यांना हात लावण्याआधी हात धुतले होते. कुणी सांगितलं नव्हतं. शिकवायला येणारी ताई इंजिनीअर होती, मनापासून शिकवायची. स्क्रॅच नावाचं सॉफ्टवेअर तिने दाखवलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००७ साली मुलांसाठी काढलेलं, फुकट मिळणारं. त्यात कोड टाइप करावा लागत नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम होतो. तिसऱ्या आठवड्यात मुलींनी त्यातलं पडद्यावरचं मांजर चालवलं, सहाव्या आठवड्यात त्याला पायऱ्या चढायला लावलं.

आणि मग एका मुलीने हंड्याचा खेळ केला. तो मला नीट सांगायचा आहे, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

ती तेव्हा सातवीत होती. राहते ती वस्ती टेकडीच्या उतारावर, पाणी टँकरचं. तिच्या खेळात टँकर येतो, पाइपमधून पाणी पडतं आणि खेळणाऱ्याने हंडा पाइपखाली धरायचा. पाण्याचा जोर कमी-जास्त व्हावा म्हणून तिने दर वेळी वेगळा आकडा येईल अशी सोय केली, कारण खरा टँकर तसाच असतो. पाणी टाकण्याची कृती दहा वेळा करायची, असा नारिंगी ठोकळा तिने लावला होता. खेळ सुरू केला की कधी हंडा अर्धाच राहायचा, कधी भरून वर वाहायचा. एक पूर्ण शनिवार ती त्याच्याकडे बघत बसली. पुढच्या शनिवारी येऊन म्हणाली, “बाई, दहा वेळा म्हटलं की चुकतंच. भरेपर्यंत म्हणायला पाहिजे.”

तिने तो ठोकळा काढला आणि ‘पाणी १०० होईपर्यंत’ असा दुसरा लावला. आता पाणी थांबेचना. हंडा भरला तरी आकडा वाढतच चालला, पाचशे, हजार. तिने वहीत एकेक आकडा मांडून पाहिला. ८८, मग ९५, मग १०४. शंभर बरोबर कधी येतच नव्हते, ते ओलांडले जात होते. ‘बरोबर’चं चिन्ह काढून तिथे ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह टाकायला तिला आणखी एक शनिवार लागला. पहिलीपासून ती ते चिन्ह बघत आली होती, वाघाच्या जबड्यासारखं, मोठ्या संख्येकडे तोंड करणारं. ते कशासाठी असतं हे तिला त्या दिवशी कळलं. गणिताची शिक्षिका म्हणून मी हे कबूल करते.

तीन शनिवार, एक खेळ. तुमच्या अहवालात याची नोंद कुठेच नाही. त्यात ‘४० तास, ६२ मुली’ असं लिहिलं आहे. तुमचा प्रकल्प ‘दहा वेळा’ म्हणणारा आहे. मुलींचं शिकणं ‘भरेपर्यंत’ चालायला हवं. माझी तक्रार एवढीच, बाकीच्या सगळ्या तिच्या पोटातल्या.

तुमचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आमचं जूनच्या मध्याला सुरू होतं. निधी मंजूर व्हायला, करार व्हायला पावसाळा उलटतो. वर्ग खरा सुरू होतो तो गणपतीनंतर किंवा दिवाळीनंतर, आणि उरलेला खर्च संपवण्याची घाई फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमकी परीक्षांच्या दिवसांत. आमच्याकडे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ‘कोडिंग महोत्सव’ ठरला. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र असलेल्या शाळेत! मुख्याध्यापिकाबाईंनी पुढची तारीख मागितली, तर ती मिळाली नाही, कारण आर्थिक वर्ष संपत होतं.

वेळेचंही तसंच. पहिल्या वर्षी वर्ग संध्याकाळी साडेपाच ते सात ठेवला, कारण कंपनीच्या स्वयंसेवकांना तीच वेळ जमत होती. डिसेंबरात सहाला अंधार पडतो. सहाला बऱ्याच वस्त्यांत पाणी येतं. लहान भावंडं अंगणवाडीतून, पाळणाघरातून आणायची असतात, आया धुण्याभांड्यांच्या कामांवरून परत यायच्या असतात. ६२ मुलींच्या ३४ झाल्या. तिमाही अहवालात कारण लिहिलं होतं, ‘मुलींची रुची कमी झाली.’ ते वाक्य वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही. रुची कमी झालेली मुलगी तीन शनिवार एका हंड्यापाशी बसत नाही.

आम्ही आयांची सभा घेतली. त्यांनीच शनिवार सुचवला. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटल्यावर लगेच वर्ग, आणि दीडच्या आत मुलगी घरी. आठवीपर्यंतच्या मुलींना शाळेत पोषण आहार मिळतो, नववीच्या मुलींना नाही. त्यांच्यासाठी आम्ही चार शिक्षिकांनी वर्गणी काढून पोहे सुरू केले. महिन्याभरात हजेरी पन्नाशीच्या वर गेली. यात तंत्रज्ञान काहीच नव्हतं. आयांना विचारलं, एवढंच केलं होतं.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण हा विषय मला रोज टोचतो. ताईने सांगितलं, व्हेरिएबल म्हणजे कंटेनर. मुलींनी वहीत लिहून घेतलं, ‘व्हेरिएबल म्हणजे कंटेनर’, आणि पाठ केलं. त्याच आठवड्यात, त्याच मुलींना, खालच्या मजल्यावरच्या वर्गात मी बैजिक राशी शिकवत होते आणि फळ्यावर लिहीत होते ‘चल’. तीच कल्पना. या मजल्यावरचा चल आणि त्या मजल्यावरचा व्हेरिएबल एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. मी एक दिवस मागच्या बाकावर जाऊन बसले, तेव्हा हे माझ्या लक्षात आलं. ताईची परवानगी घेऊन फळ्याशी गेले आणि म्हटलं, हा आपला चल आहे गं. डब्यावर ‘शेंगदाणे’ अशी चिठ्ठी असते, आत कधी पाव किलो असतात, कधी मूठभर. चिठ्ठी तीच, आतला माल बदलतो. दहा-बारा चेहरे एकदम उजळले.

त्यानंतर मराठीच्या बाईही यायला लागल्या. क्रियापदाचे अर्थ शिकवताना आज्ञार्थ आणि संकेतार्थ येतात. संगणकाला आपण जे सांगतो ते बहुतेक या दोनच अर्थांत असतं. पाणी ओत. जर हंडा भरला, तर थांब. मुली ‘जर-तर’ जन्मापासून बोलतात, त्यांना ‘इफ-देन’ परका वाटायचं काही कारण नव्हतं. पायथॉन ही भाषा तुमच्या कंपन्यांत रोज वापरली जाते. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत देता येतं. ‘हंडा = ०’ लिहिताना शून्य तेवढं इंग्रजी अंकात टाइप करायचं, बाकी ओळ चालते. मी करून पाहिलं आहे. पुढे इंग्रजी शिकावीच लागणार, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पहिल्याच दिवशी मुलीपुढे दोन डोंगर एकदम ठेवायचे आणि ती थांबली की तिला कोडिंग झेपत नाही म्हणायचं, हा अन्याय आहे.

आता लॅपटॉपचं. प्रकल्प संपल्याचा ईमेल आला, पण हस्तांतरणाचा कागद आला नाही. म्हणजे लॅपटॉप शाळेत आहेत, शाळेचे नाहीत. ॲडमिनचा पासवर्ड शिकवणाऱ्या संस्थेकडे, संस्थेचा करार कंपनीशी, आणि कंपनीत तो विभाग सांभाळणारी व्यक्ती बदललेली. जूनपर्यंत आम्ही पासवर्डसाठी तीन ईमेल केले. वीसच्या वीस लॅपटॉप प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात आहेत. सहांच्या बॅटऱ्या फुगल्या आहेत. कपाटाच्या दारावर कंपनीच्या बोधचिन्हाचा स्टिकर आहे, तो अजून नवाकोरा दिसतो.

हे फक्त आमच्या शाळेपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. २०२३-२४ च्या यू-डायस, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदींच्या, माहितीनुसार देशातल्या सुमारे ५७ टक्के शाळांमध्येच चालू स्थितीतला संगणक आहे, इंटरनेट त्याहूनही कमी शाळांत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी तरी इंटरनेट वापरल्याचं सांगणारे पुरुष ५७ टक्के होते, बायका ३३ टक्के. मी वर्गात विचारलं होतं, घरातला फोन कुणाच्या खिशात असतो? बाबांच्या, दादाच्या. आईचा साधा, बटणांचा. युनेस्कोने २०१९ साली जगाबद्दल सांगितलं, की संगणकाचा प्रोग्रॅम लिहिता येण्याची शक्यता पुरुषांच्या मानाने स्त्रियांच्या बाबतीत चौपटीने कमी आहे. अशा ठिकाणी शाळेतला लॅपटॉप हा त्या मुलीच्या आयुष्यातला एकमेव की-बोर्ड असतो. तो कपाटात गेला की तिच्यापुरता संगणकच संपला.

आपल्यासारख्याच परिस्थितीतल्या ठिकाणी हे जमवलेलं आहे. केरळने २०१८ साली सरकारी आणि अनुदानित हायस्कुलांमध्ये ‘लिटिल काइट्स’ नावाची मुलांची मंडळं काढली. ती चालवायला बाहेरून कुणी येत नाही. त्याच शाळेतल्या दोन शिक्षकांना प्रशिक्षण देऊन जबाबदारी दिलेली असते, आणि सॉफ्टवेअर मुक्त, म्हणजे परवाना संपला म्हणून वर्ग बंद पडत नाही. पेरूमधल्या लिमा शहरात २०१४ साली लॅबोरेटोरिया ही संस्था सुरू झाली. पदवी नसलेल्या, गरीब घरातल्या तरुणींना कोडिंग शिकवायचं आणि नोकरीच्या दारापर्यंत सोबत जायचं, हे तिचं काम. अफगाणिस्तानातल्या हेरातमध्ये २०१५ साली मुलींसाठी कोडिंगची शाळा निघाली. २०२१ मध्ये तालिबानची राजवट आली, सहावीच्या पुढच्या शाळा मुलींना बंद झाल्या. त्या शाळेने वर्ग ऑनलाइन नेले, बंद केले नाहीत. तिथे कुणाला ‘प्रकल्प पूर्ण झाला’ असं लिहून मोकळं होता आलं असतं, आणि कुणी दोषही दिला नसता.

मग पुण्यात, जिथे मेट्रोच्या खांबांवरसुद्धा तुमच्या नोकरभरतीच्या जाहिराती असतात, तिथे आम्हाला दोन वर्षांत निरोप का मिळावा?

या शहराला तीन वर्षांत काय होतं ते माहीत आहे. १९८८ साली इथे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना झाली, महासंगणक बनवण्यासाठी. मुदत तीन वर्षांची होती. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. त्याच १९९१ साली कर्वेनगरात मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. आणि त्याच्या किती तरी आधी, १८४८ मध्ये, बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्यांच्या शाळांपैकी एका शाळेत मुक्ता नावाची मातंग समाजातली मुलगी शिकत होती. जेमतेम तीन वर्षं शिकली आणि १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. मी दरवर्षी तीन जानेवारीला वर्गात तिच्याबद्दल सांगते. तिला अक्षरं देऊन कुणी वर्षभरात निघून गेलं असतं, तर तिला फार तर सही करता आली असती. स्वतःच्या माणसांचं दुःख मांडण्याएवढी भाषा यायला तिला वेळ मिळाला. आमच्या मुलीने टँकरवर खेळ लिहिला तेव्हा मला मुक्ताच आठवली.

कायदाही तुमच्या आड येत नाही. मी वकील नाही, पण ईमेल आल्यानंतर मी नियम वाचले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. एप्रिल २०१४ पासून ते लागू आहे. शिक्षण आणि स्त्री-पुरुष समानता हे दोन्ही विषय त्या यादीत आहेत. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही त्यात म्हटलं आहे. आणि नियमांत ‘चालू प्रकल्प’ अशी तरतूद आहे. सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत एकच प्रकल्प चालवता येतो, आणि वर्षाअखेर उरलेला त्याचा निधी वेगळ्या खात्यात ठेवून नंतर वापरता येतो. म्हणजे मार्चमध्ये घाईघाईने महोत्सव घेण्याची गरजच नसते. पहिलं वर्ष धरून जवळजवळ चार वर्षं. सातवीत आलेली मुलगी दहावी होईपर्यंत. कायद्याने दिलेला वेळ तुम्ही आमच्या मुलींना देत नाही, हे मला समजत नाही.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमात तुमच्यातल्या एका अधिकाऱ्यांनी मला विचारलं, आता एआय कोड लिहितो, मग या मुलींना तो शिकवून काय उपयोग? त्यांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, इथे देते. हंड्याचा खेळ एआयने दोन मिनिटांत लिहून दिला असता. पण टँकरच्या पाण्याचा जोर कमी-जास्त असतो, हे त्याला सांगायला टँकरपाशी उभी राहिलेली मुलगी लागली असती. आणि आलेल्या कोडमध्ये ‘बरोबर १००’ लिहिलं असतं, तर पाणी का थांबत नाही हे ओळखायलाही तीच लागली असती. ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याने लिहून आणलेल्या कागदावर अंगठा उठवतो. आमच्या मुलींच्या आज्यांनी ते केलं आहे. तुमच्या स्वतःच्या मुलींना तुम्ही एआय आला म्हणून कोडिंगच्या वर्गातून काढलेलं नाही, हे मला माझ्या शिकवण्यांमुळे माहीत आहे.

आता मागण्या. मला नवीन इमारत नको, नवीन लॅपटॉपही नकोत.

मुलींची नावं नोंदवण्याआधी शाळेशी लेखी करार करा आणि तो कायदा देतो तेवढ्या पूर्ण मुदतीचा असू द्या. मध्येच विषय बदलायचा असेल तर बदला, पण हाती घेतलेली तुकडी दहावी होईपर्यंत तिचा वर्ग थांबवू नका.

वर्गाची वेळ आयांना विचारून ठरवा, आणि वर्ष जूनपासून मोजा. स्वयंसेवक संध्याकाळीच येऊ शकत असतील तर त्यांना शनिवारी दुपारपर्यंतची सुट्टी द्या. तुमच्यासाठी ती छोटी गोष्ट आहे.

प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षिकांना शिकवा. गणिताच्या एक आणि दुसऱ्या कोणत्याही विषयाच्या एक. त्यांना मानधन द्या, कारण हे काम शाळेच्या तासांबाहेरचं आहे आणि आमच्याकडे निवडणुकीपासून सर्वेक्षणांपर्यंत बाकीची कामं आधीच आहेत. बाहेरची ताई गेली तरी त्या दोघी तिथेच असतील.

साहित्य मराठीत करा आणि सगळ्या शाळांना फुकट वापरता येईल असं करा. पाठ्यपुस्तकातले शब्दच वापरा, चल, अट, पद, म्हणजे मुलीला दोन ठिकाणी दोन भाषा शिकाव्या लागणार नाहीत. तुम्ही दहा-बारा कंपन्या एकत्र आलात तर हे एकदाच करावं लागेल. आम्ही शिक्षिका फुकट तपासून देऊ.

लॅपटॉप दिलेत तर शाळेच्या नावावर करा, पासवर्डासकट, आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी ठेवा. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुलींना ते पाळीपाळीने घरी नेऊ द्या. तुटतील ही भीती आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनाही वाटत होती. आम्ही पाच लॅपटॉप दिवाळीत दिले होते, पाचही धड परत आले, एक तर जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून.

दहावीनंतरचा विचार करा. खरी गळती तिथे होते. अकरावीला संगणकशास्त्र हा दोनशे गुणांचा विषय घेता येतो, पण अनेक महाविद्यालयांत तो विनाअनुदानित असल्यामुळे त्याची फी वेगळी भरावी लागते. आयटीआयमध्ये कोपा म्हणून संगणक चालवण्याचा आणि प्रोग्रॅमिंगचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तंत्रनिकेतनात पदविका आहे. यातलं काय घ्यावं हे सांगणारं घरात कुणी नसतं. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे, ही फार मोठी गोष्ट झाली. पण तिथवर पोचणारी मुलगी आधी दहावी-बारावीतून जावी लागते. अकरावी-बारावीच्या त्या दोन वर्षांची फी आणि महिन्यातून एकदा तिच्याशी बोलणारी तुमच्यातली एखादी इंजिनीअर ताई, एवढं प्रत्येक मुलीमागे ठरवून द्या.

आणि अहवालात मुली मोजण्याची पद्धत बदला. किती मुलींपर्यंत ‘पोचलो’ हे छापू नका. दोन वर्षांनी त्यांतल्या किती जणी वर्गात होत्या आणि किती जणींनी स्वतःच्या मनाने एक प्रोग्रॅम पूर्ण केला, ते छापा. आकडा ६२ ऐवजी २० आला तर २० लिहा. आम्हाला त्याची लाज वाटणार नाही, तुम्हालाही वाटू नये.

प्रमाणपत्रं मी अजून वाटलेली नाहीत. ती माझ्या खणात आहेत. हंड्याचा खेळ करणारी मुलगी आता नववीत गेली आहे. शाळा सुरू झाली त्या पहिल्याच शनिवारी ती वर्गाबाहेर थांबून विचारत होती, “बाई, आपलं कधीपासून?” तिला खेळात एक गोष्ट घालायची आहे. वस्तीत टँकर आला की रांग कशी लागते आणि कुणाचा नंबर आधी, ते. त्यासाठी यादी कशी करायची हे तिला शिकायचं आहे. स्क्रॅचमध्ये ते कसं करतात हे मी सुट्टीत माझ्या मुलाच्या लॅपटॉपवर शिकून घेतलं आहे. तिला दाखवायला मशीन नाही.

शनिवारी साडेअकरापासून दीडपर्यंत मी शाळेत असते, मराठीच्या बाईही असतात. तुमच्यापैकी कुणीही या, मुलींशी बोला, कपाट उघडून दाखवते. ज्या कंपनीचे लॅपटॉप आहेत त्यांनी हे वाचलं तर त्यांना ओळख पटेलच. त्यांनी येताना पासवर्ड आणि हस्तांतरणाचा कागद तेवढा आणावा.

आपली,
आठवी-नववीची गणिताची शिक्षिका
पुणे